विश्लेषण : तिरप्या अक्षराचा मालक कोण? ‘इटालिक’ छापणाऱ्या आल्डस मॅन्युशियसची गोष्ट

व्हॉट्सअॅपवर एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर टाकला की तो शब्द तिरपा दिसू लागतो. संगणकावर त्यासाठी कंट्रोल आणि ‘आय’ ही दोन बटणे दाबावी लागतात. हा ‘आय’ म्हणजे इटालिक. आज त्याचा उपयोग एखाद्या शब्दावर जोर देणे, पुस्तकाचे नाव वेगळे दाखवणे एवढाच उरला आहे. पण १५०१ साली व्हेनिसमध्ये हे अक्षर पहिल्यांदा छापले गेले, तेव्हा संपूर्ण पुस्तकच त्यात होते. सुशिक्षित माणूस बोरूने भरभर लिहितो तसे दिसणारे अक्षर शिशाच्या खिळ्यांतून उतरले होते. त्यामागे होता आल्डस मॅन्युशियस, एक मध्यमवयीन शिक्षक. आणि ते अक्षर बाजारात आल्याबरोबर त्याच्या मालकीवरून भांडणही सुरू झाले.

कोण होता आल्डस?

आल्डसचा जन्म १४५०च्या आसपास रोमच्या दक्षिणेकडील बास्सियानो या डोंगरी गावातला. इटालियन भाषेत त्याचे नाव आल्दो मानुत्सिओ. लॅटिन वळणाने ते आल्डस मॅन्युशियस झाले. रोममध्ये लॅटिन आणि फेरारा येथे ग्रीक शिकल्यावर त्याने शिकवणी हाच व्यवसाय केला. कार्पी या छोट्या संस्थानातील पिओ घराण्याच्या दोन राजपुत्रांना तो शिकवत असे. प्रसिद्ध तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरांदोला हा या मुलांचा मामा. पुढे छापखाना उभा राहिला त्यात या घराण्याच्या मैत्रीचा आणि पैशाचा वाटा होता.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने उतारवयाकडे झुकताना, आल्डसने सुखाची शिकवणी सोडली आणि १४९०च्या सुमारास व्हेनिस गाठले. मुद्रणाचा त्याला काहीही अनुभव नव्हता. विद्यार्थ्यांच्या हाती चांगली ग्रीक पुस्तके नाहीत, ही त्याची अडचण होती. व्याकरणाशिवाय भाषा येत नाही आणि मूळ ग्रंथांशिवाय व्याकरणाला अर्थ नाही. तेव्हा ते ग्रंथ आपणच छापायचे, असे त्याने ठरवले.

व्हेनिसच का?

गुटेनबर्गने जर्मनीत खिळ्यांची छपाई सुरू करून तेव्हा ४० वर्षेही झाली नव्हती, पण युरोपातील पुस्तकधंद्याचे केंद्र व्हेनिसकडे सरकले होते. या व्यापारी शहरात कागद होता, भांडवल होते आणि जहाजांनी माल कुठेही पाठवण्याची सोय होती. शिवाय १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेल्यानंतर अनेक ग्रीक विद्वान आणि लेखनिक इथे येऊन राहिले होते. कार्डिनल बेसारिओन याने १४६८ मध्ये आपला ग्रीक हस्तलिखितांचा मोठा संग्रह याच शहराला दिला होता. ग्रीक छापायचे तर याहून योग्य जागा नव्हती.

पैसा दोघांनी घातला. आंद्रेआ तोर्रेसानी हा मुरलेला मुद्रक आणि पक्का व्यवहारी माणूस. दुसरा पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगो, व्हेनिसच्या सत्ताधारी घराण्यातला. विद्वत्ता आल्डसची, तिजोरी या दोघांची. १४९५ मध्ये लास्कारिस याचे ग्रीक व्याकरण बाहेर पडले आणि पाठोपाठ १४९५ ते १४९८ या काळात अॅरिस्टॉटलचे ग्रंथ पाच खंडांत छापून झाले. हे काम आजच्या छापखान्यालाही घाम फोडेल. ग्रीक लेखनिकांच्या घाईच्या अक्षराचे हुबेहूब अनुकरण करायचे असे आल्डसने ठरवल्यामुळे संक्षेपांचे आणि जोडाक्षरांचे असंख्य खिळे पाडावे लागले. हाताचे वळण धातूत उतरवण्याचा हा त्याचा पहिला प्रयत्न. त्या ग्रीक अक्षरांवर नंतर टीकाही खूप झाली आणि ती रास्त होती: ती वाचायला कठीण आहेत. पण पुढच्या कामाची तालीम इथेच झाली.

वळण शिशात कसे उतरले?

हे अक्षर कोरणारा हात आल्डसचा नव्हता. तो होता बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोचा. सोनाराच्या घरात वाढलेल्या या कारागिराची सफाई विलक्षण होती. खिळा तयार करण्याची रीत अशी: पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ते पोलाद कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे, म्हणजे तांब्यात खोलगट साचा मिळतो. त्या साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा तयार. कोरलेले पोलाद वर्षानुवर्षे टिकते आणि त्यातून हजारो खिळे पाडता येतात. सगळी कला त्या पहिल्या कोरणीत असते आणि ते कोरकाम दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरावर चालते. एक केस इकडची तिकडे झाली तरी पानभर खोट दिसते.

ग्रिफोने आल्डससाठी आधी उभे रोमन अक्षर कोरले. तरुण विद्वान पिएत्रो बेंबोने एटना पर्वताच्या सफरीवर लिहिलेले छोटे पुस्तक १४९६ मध्ये त्यात छापले गेले. अर्धविरामाचे चिन्ह छापील पानावर पहिल्यांदा दिसते ते याच पुस्तकात, असे मानले जाते. त्या अक्षरावरून १९२९ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने बनवलेला फॉन्ट आजही ‘बेंबो’ या नावाने विकला जातो.

मग तिरप्या अक्षराची वेळ आली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून फ्लॉरेन्समधील विद्वान ग्रंथांच्या नकला भरभर उतरवून घेताना किंचित झुकलेले, एकमेकांत गुंतलेले अक्षर लिहीत. पुढे पोपच्या कचेरीतील कारकुनांनीही ते उचलले. पादुआचा बार्तोलोमेओ सान्वितो हा या वळणाचा नावाजलेला लेखनिक. त्याने लिहिलेली हातात मावणारी सुबक पुस्तके श्रीमंतांच्या संग्रही असत. बेंबोच्या वडिलांकडेही अशी छोटी हस्तलिखिते होती आणि छोट्या आकाराची कल्पना तिथून सुचली, हे आल्डसने स्वतः नंतर मान्य केले आहे.

मराठी वाचकाला हा फरक लगेच कळेल. बाळबोध म्हणजे एकेक अक्षर सुटे, सावकाश काढलेले. मोडी म्हणजे बोरू फारसा न उचलता, धावत्या हाताने लिहिलेली. इटालिक हे लॅटिन लिपीचे मोडीच्या स्वभावाचे रूप. गंमत म्हणजे मोडीलाही खिळ्यांत बसवण्याचा प्रयत्न झाला होता. विल्यम कॅरीने १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथून प्रसिद्ध केलेला मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत आहे. पण मोडी छापखान्यात टिकली नाही. इटालिक टिकले.

नेमके दिसते कसे?

इटालिक म्हणजे उभे अक्षर वाकवले, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. खऱ्या इटालिकमध्ये अक्षराचा सांगाडाच बदलतो. इंग्रजी छापील लहान ‘ए’ला वर छत्रीसारखी कमान असते, इटालिकमध्ये ती जाते आणि हाताने लिहितो तसा एकपोटी ‘ए’ उरतो. ‘एफ’चे शेपूट ओळीच्या खाली लोंबते. दांड्यांच्या टोकांना लेखणी टेकवल्याच्या आणि उचलल्याच्या खुणा राहतात. अक्षरे अरुंद आणि जवळजवळ बसतात.

एप्रिल १५०१ मध्ये आल्डसने व्हर्जिलचे काव्य या अक्षरात छापले. त्यापूर्वी १५०० मध्ये संत कॅथरीनच्या पत्रांच्या पुस्तकातील एका चित्रात या अक्षराचे मोजके शब्द येऊन गेले होते. संपूर्ण पुस्तक हे पहिलेच. पान उघडताच दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे लहान अक्षरे तिरपी, पण मोठी अक्षरे मात्र ताठ उभी आणि अंगाने बुटकी. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर बाकीच्या ओळीपासून थोडे सुटे उभे असते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. दुसरी म्हणजे जोडाक्षरे. हाताने लिहिताना दोन अक्षरे जिथे सहज जुळतात तिथे ग्रिफोने ती एकाच खिळ्यावर कोरली. असे साठांहून अधिक जोड त्याने तयार केले. आपल्याकडे क्ष आणि ज्ञसाठी वेगळा खिळा लागतो, तसेच हे. जुळाऱ्याचे काम वाढले, पण पान हाताने लिहिल्यासारखे वाहू लागले.

देवनागरीला असे स्वतःचे इटालिक परंपरेने नाही. मोबाइलमध्ये मराठी शब्द तिरपा केला की बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उभ्या अक्षरालाच कलते करते. काना आणि दांड्या झुकतात, शिरोरेषा आडवीच राहते आणि अक्षराचे मूळ रूप तेच असते. ग्रिफोने केले ते हे नव्हे.

खिशातले पुस्तक

त्या काळचे अभिजात ग्रंथ म्हणजे टेबलावर ठेवून वाचायचे जाडजूड ठोकळे. मधोमध मूळ मजकूर आणि चारही बाजूंनी भाष्यकारांची गर्दी. आल्डसने भाष्य काढून टाकले. कागदाची मोठी घडी तीनदा दुमडून आठ पानांची, म्हणजे १६ पृष्ठांची केली. मराठी प्रकाशक आजही ‘फॉर्म’ मोजतात तो असाच १६ पृष्ठांचा. व्हर्जिलपाठोपाठ होरेस, ज्युव्हेनल, मार्शल आणि पेत्रार्क, तर पुढच्या वर्षी दान्ते आणि सॉफोक्लिस याच आकारात आले. घोड्यावरून प्रवास करणारा मुत्सद्दी किंवा छावणीतला सरदार कवितेचे पुस्तक सोबत ठेवू शकला. पुस्तक अभ्यासिकेतून बाहेर पडले.

कागद वाचवून गरिबांसाठी स्वस्त पुस्तके काढावीत म्हणून आल्डसने इटालिक आणले, अशी कथा सर्रास सांगितली जाते. ती फारशी खरी नाही. ही पुस्तके सुटसुटीत होती, स्वस्त नव्हती. मांटुआची राणी इझाबेला द एस्ते हिने १५०५ मध्ये चर्मपत्रावर छापलेल्या खास प्रती किंमत जास्त म्हणून परत पाठवल्या होत्या. राणीला परवडेना तिथे इतरांची काय कथा! आल्डस वाचकाला विकत होता ती प्रतिष्ठा: सान्वितोसारख्या लेखनिकाकडून लिहून घेतलेल्या पुस्तकाचा तोरा, पण छापखान्याच्या संख्येत.

अक्षर कोणाचे?

व्हर्जिलच्या त्या पहिल्या पुस्तकात आल्डसने तीन ओळींची छोटी कविता घालून अक्षर कोरणाऱ्या फ्रान्चेस्कोचे कौतुक केले. कारागिराचे नाव पुस्तकात येणे तेव्हा दुर्मीळ होते. पण कायद्याच्या कागदावर नाव आले ते आल्डसचेच. व्हेनिसच्या सिनेटने या अक्षराच्या वापराचा खास हक्क त्याला दिला, १५०२च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीक अक्षरांसह तो पुन्हा पक्का केला. पोप अलेक्झांडर सहावे यांच्याकडूनही त्याने संरक्षण मिळवले. परिणाम असा झाला की ग्रिफो आपण स्वतः कोरलेल्या वळणाचे अक्षर व्हेनिसच्या हद्दीत दुसऱ्या कोणालाही विकू शकत नव्हता.

ग्रिफो निघून गेला. १५०३ मध्ये फानो या गावी गेर्शोम सोंचिनो या ज्यू मुद्रकासाठी त्याने नवे इटालिक कोरले. त्यात छापलेल्या पेत्रार्कच्या प्रस्तावनेत सोंचिनोने सरळ लिहून टाकले की आल्डसच्या सर्व अक्षरांचा खरा कर्ता फ्रान्चेस्को आहे, श्रेय मात्र दुसऱ्याने लाटले. पुढे १५१६ मध्ये ग्रिफोने बोलोन्यात परतून स्वतःची छोटी पुस्तके काढायला सुरुवात केली आणि तिथेही जुना राग व्यक्त केला. त्याचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. जावयाच्या खुनाच्या प्रकरणात तो सापडला आणि १५१८ नंतर त्याचे नाव कुठेच दिसत नाही.

आल्डसच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. कल्पना त्याची, जोखीम त्याची, कोणते पुस्तक कोणत्या आकारात काढायचे हा निर्णय त्याचा. ग्रिफोच्या कौशल्याला त्याने पानावर स्थान दिले होते. पण कौतुकाच्या तीन ओळी आणि कायद्याचा हक्क या दोन्हींचे वजन सारखे नसते. फॉन्ट रेखाटणारा आणि फॉन्ट विकणारी कंपनी यांच्यातला आजचा वादही बराचसा याच मुद्द्यावर अडतो.

लियॉनच्या नकला

व्हेनिसचा हुकूम आल्प्सपलीकडे चालत नव्हता. फ्रान्समधील लियॉन शहरात १५०२ पासूनच आल्डसच्या पुस्तकांच्या नकला निघू लागल्या. तोच आकार, तसलेच तिरपे अक्षर, आल्डसनेच नीट केलेला मजकूर. मुद्रकाचे नाव तेवढे गायब. वैतागलेल्या आल्डसने १६ मार्च १५०३ रोजी जाहीर इशारा छापला. खरी प्रत कशी ओळखावी याची जणू मार्गदर्शिकाच ती. नकली पुस्तकांच्या कागदाला वास येतो, अक्षरात फ्रेंच बेढबपणा आहे, मोठी अक्षरे ओबडधोबड आहेत आणि अक्षरे एकमेकांना जोडलेली नसून सुटी आहेत, असे त्याने नमूद केले. म्हणजे ग्रिफोची ती जोडाक्षरे हीच अस्सलपणाची खूण ठरली होती. पुढे त्याने नकली आवृत्त्यांतील चुकांची यादीही दिली.

इथे त्याचा अंदाज चुकला. लियॉनवाल्यांनी ती यादी समोर ठेवली, आपल्या पुस्तकांतील चुका दुरुस्त केल्या आणि नव्या आवृत्त्या बाजारात आणल्या. फुकटात मुद्रितशोधन झाले.

दारावरची पाटी

१५०५ मध्ये आल्डसने भागीदार तोर्रेसानीच्या मुलीशी, मारियाशी लग्न केले आणि नंतर छापखाना सासऱ्याच्या घराजवळ हलला. पुढच्याच वर्षी प्रवासात मांटुआच्या हद्दीवर पहारेकऱ्यांनी संशयावरून त्याला पकडले आणि युरोपभर नाव झालेला हा मुद्रक काही दिवस कोठडीत बसला. १५०८ मध्ये डच विद्वान इरॅस्मस त्याच्याकडे येऊन राहिला. छापखान्याच्या खडखडाटात तो एका कोपऱ्यात बसून लिहीत असे आणि पान तयार होताच ते जुळाऱ्याकडे जाई. तीन हजारांहून अधिक म्हणींचा त्याचा संग्रह असा तयार झाला. तोर्रेसानीच्या घरच्या निकृष्ट जेवणावर इरॅस्मसने पुढे अनेक वर्षांनी खरमरीत लिहिले, पण आल्डसच्या कष्टांबद्दल त्याला आदर होता. जहाजाच्या नांगराभोवती गुंडाळलेला डॉल्फिन हे आल्डसचे बोधचिन्ह प्राचीन रोमन नाण्यावरून घेतलेले आहे. घाई करा पण सावकाश, असा त्याचा अर्थ इरॅस्मसनेच विस्ताराने उलगडून सांगितला.

आल्डसला मात्र सावकाशीची चैन मिळत नव्हती. भेटायला येणाऱ्या रिकामटेकड्यांनी तो इतका गांजला की त्याने दारावर पाटी लावली. काम काय ते थोडक्यात सांगा आणि चालू लागा. खांदा द्यायला आला असाल तर मात्र या, अशा आशयाची. ही हकीकत त्याने स्वतःच एका प्रस्तावनेत नोंदवली आहे.

१५०९ मध्ये युरोपातील सत्तांनी एकत्र येऊन व्हेनिसचा पराभव केला आणि छापखाना बंद पडला. आल्डस फेराराला गेला, १५१२ मध्ये परतला, १५१३ मध्ये त्याने प्लेटोचे समग्र ग्रंथ छापले. ६ फेब्रुवारी १५१५ रोजी त्याचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी त्याच्या देहाभोवती पुस्तके रचून ठेवली होती, अशी नोंद व्हेनिसच्या मारिन सानुदोच्या रोजनिशीत आहे.

मृत्युपत्रातील मोठी अक्षरे

मृत्यूपूर्वी काही आठवडे आधी केलेल्या मृत्युपत्रात बायको, मुले, मालमत्ता यांच्या व्यवस्थेबरोबर एक वेगळीच सूचना आहे. आपले तिरपे अक्षर अजून पुरे झालेले नाही. त्याला शोभतील अशी मोठी अक्षरे जुलिओ कांपान्योला या कोरक-चित्रकाराकडून करून घ्यावीत, असे आल्डसने लिहून ठेवले. ताठ उभी मोठी अक्षरे आणि झुकलेली लहान अक्षरे यांचे न जमलेले लग्न त्याला १४ वर्षे खुपत होते.

पुढे रोममध्ये लुदोविको आर्रिगी या लेखनिकाने १५२२ मध्ये हे वळण गिरवायला शिकवणारी छोटी पुस्तिका काढली आणि दोन वर्षांनी त्याच वळणाचे अधिक मोकळे, लांब शेपटांचे अक्षर छापील पुस्तकांत आणले. फ्रेंच कोरकांनी इटालिकला उभ्या रोमनच्या जोडीला बसवले. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठी अक्षरेही तिरपी झाली. संपूर्ण पुस्तक इटालिकमध्ये छापण्याची पद्धत हळूहळू मागे पडली आणि प्रस्तावना, परकीय शब्द, ग्रंथनामे, जोर द्यायचा शब्द अशी कामे त्याच्याकडे आली. इंग्रजीत त्याला इटालिक म्हणजे इटलीचे म्हणतात. इटलीत मात्र कोर्सिव्हो, म्हणजे धावते अक्षर, हेच नाव आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या एका कंपनीने संगणकावर पान लावण्याचे सॉफ्टवेअर काढले. कंपनीचे नाव आल्डस, सॉफ्टवेअरचे नाव पेजमेकर आणि बोधचिन्हावर टोपी घातलेल्या त्या व्हेनिसच्या मुद्रकाचा चेहरा. १९९४ मध्ये ही कंपनी अॅडोबीत विलीन झाली आणि तो चेहराही गेला. तोवर पेजमेकर मराठी डीटीपी केंद्रांत पोहोचला होता; लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत हजारो पाने त्यात लागली. ग्रिफोच्या नावाचे बटण मात्र त्यातही नव्हते.